दातांचा केसपेपर मोबाइलमध्ये

केजजवळच्या एका गावात राहणारी माझी मावशी दिवाळीनंतर मुलाकडे छत्रपती संभाजीनगरला आली आणि आठवडाभरातच तिची खालची डावी दाढ ठणकू लागली. दाढेवर कॅप होती, म्हणजे आत रूट कॅनल झालेले असणार, हे तिथल्या डॉक्टरांनी पाहताक्षणी ओळखले. पण ते कधी झाले, असे त्यांनी विचारल्यावर मावशीने "पोरीच्या लग्नाच्या आधल्या उन्हाळ्यात" असे उत्तर दिले आणि सोबत आणलेली, साडीच्या दुकानाची पिशवी टेबलावर रिकामी केली. तिच्यातून मोठ्या टपाल तिकिटाएवढ्या तीन एक्स-रे फिल्म, घडीवर फाटत आलेला एक केसपेपर आणि अक्षरे उडालेली एक पावती निघाली. तीनपैकी दोन फिल्म चहाच्या रंगाच्या झाल्या होत्या. फिल्म धुताना तिच्यावरचे रसायन पुरते निघाले नाही, तर काही वर्षांनी ती अशी तपकिरी पडते आणि चित्र त्या रंगात बुडून जाते. केसपेपरवर "आरसीटी + कॅप", म्हणजे रूट कॅनल आणि कॅप, एवढेच लिहिलेले होते. कोणत्या दाताचे, ते नव्हते.

आपल्या दातांच्या नोंदी रुग्णाला मोबाइलवर मिळाव्यात, असे आता सरकारी योजनांतही म्हटले जाते आणि काही खासगी दवाखानेही आपापल्या ॲपमधून तशी सोय देतात. या सोयीचा उपयोग नेमका कुठे होतो आणि कुठे होत नाही, हे समजून घ्यायचे असेल तर सुरुवात मोबाइलपासून न करता त्या पिशवीपासून केलेली बरी.

ताप, रक्तदाब किंवा मधुमेह यांच्या नोंदी बहुतांशी आकड्यांच्या आणि औषधांच्या असतात. एखादा कागद हरवला तरी रक्त पुन्हा तपासता येते. दातांचे तसे नाही. दातांवरचा उपचार हे बरेचसे हातकाम असते आणि ते झाल्यावर सिमेंटखाली किंवा कॅपखाली झाकले जाते. शेतातून पाइपलाइन गाडल्यावर ती कोणत्या बांधाजवळून वळली, हे गाडणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि चार वर्षांनी दुसऱ्याने जेसीबी लावला की ती नेमकी फुटते, हा अनुभव आपल्याकडे अनेकांना आहे. रूट कॅनलही तशीच गाडलेली लाइन आहे. खालच्या पहिल्या मोठ्या दाढेला साधारणपणे दोन मुळे आणि त्यांत नसेच्या तीन बारीक नलिका असतात, कधी चौथीही असते. प्रत्येक नलिकेची लांबी डॉक्टर मोजतात, ती वीस किंवा साडेवीस मिलिमीटर अशी अर्ध्या मिलिमीटरपर्यंतची असते, आणि तेवढ्याच खोलीपर्यंत नलिका साफ करून भरतात. साफ करताना एखाद्या बारीक फाइलचे, म्हणजे सुईसारख्या कानशीचे, टोक आत तुटून राहू शकते. तसे होणे म्हणजे निष्काळजीपणाच असे नाही, चांगल्या हातांतूनही ते घडते. मात्र ते लिहून ठेवले नाही, तर पुढच्या डॉक्टरला त्याचा पत्ता त्याच जागी अडल्यावरच लागतो.

नवा एक्स-रे काढला की सगळे दिसतेच, मग जुनी नोंद कशाला, असे कोणी विचारील. एक्स-रेमध्ये पुष्कळ दिसते, पण सगळे नाही. दातांचा साधा एक्स-रे सपाट चित्र देतो, त्यामुळे एकामागे एक असलेल्या दोन नलिका त्यात एकच दिसू शकतात. आणि समजा मुळाच्या टोकाशी काळसर डाग दिसला, म्हणजे तिथले हाड संसर्गाने झिजलेले आहे, तर तो डाग उपचारानंतर भरून येत असलेला जुना डाग आहे की नव्याने वाढू लागलेला आहे, हे आजच्या एकट्या एक्स-रेवरून कोणालाही सांगता येत नाही. असा डाग भरून यायला काही महिने, कधी काही वर्षेही लागतात. उपचाराआधीचा आणि लगेच नंतरचा एक्स-रे शेजारी ठेवला तर प्रश्न दोन मिनिटांत सुटतो. तो नसेल तर दाढ पुन्हा उघडायची की वाट पाहायची, हा निर्णय अंदाजाने घ्यावा लागतो. मावशीच्या बाबतीत हेच झाले. डाग होता, पण तो आधी केवढा होता हे त्या दोन तपकिरी फिल्मनाच ठाऊक होते.

माझ्या मते दातांच्या नोंदीचे खरे मोल या तुलनेत आहे. हिरड्यांचेच पाहा. हिरडी आणि दात यांच्यामधली खाच एका बारीक, खुणा केलेल्या सळईने मोजतात. ती तीन मिलिमीटरपर्यंत असेल तर सहसा ठीक, त्याहून खोल जाऊ लागली तर आतले हाड खचत असण्याची शक्यता असते. दोन वर्षांपूर्वी चार आणि आज सहा, हा फरक दुखत नाही, म्हणून रुग्णाला कळत नाही. मधुमेह असलेल्यांत तो अधिक वेगाने वाढू शकतो. दुसरे उदाहरण सुपारी आणि गुटख्याचे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे. पुडी कोणत्या टपरीवर मिळते, हे मात्र कोणाला विचारावे लागत नाही. सुपारीमुळे गालांच्या आतले अस्तर कडक होत जाते आणि तोंड उघडणे कमी होते. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधले अंतर, तोंड पूर्ण उघडल्यावर, निरोगी प्रौढात साधारण ३५ ते ५० मिलिमीटर असते. एखाद्या मुलाचे ते आज ३० भरले, तर त्या आकड्याने काही ठरत नाही असे नाही, पण मागच्या वर्षी ते ३८ होते हे त्याच्या मोबाइलमध्ये असेल तर डॉक्टरच्या बोलण्याला आणि घरच्यांच्या समजुतीला वेगळेच वजन येते. गालातल्या पांढऱ्या चट्ट्याचेही तसेच आहे. प्रत्येक चट्टा कर्करोगाकडे जात नाही, परंतु तो बदलतो आहे का, हे पाहायला आधीचा फोटो लागतो. दोन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम मात्र कोणत्याही तुलनेची वाट न पाहता दाखवायची असते.

आता केसपेपरवरच्या आकड्यांबद्दल, कारण नोंद मोबाइलवर आली आणि ती वाचताच आली नाही तर तिचा आपल्याला उपयोग नाही. आपल्याकडचे डॉक्टर दातांना बहुधा दोन आकड्यांचा क्रमांक देतात. पहिला आकडा जबड्याचा भाग सांगतो: रुग्णाची वरची उजवी बाजू १, वरची डावी २, खालची डावी ३, खालची उजवी ४. दुसरा आकडा पुढच्या मधल्या दातापासून मागे मोजायचा, अक्कलदाढेपर्यंत १ ते ८. म्हणजे मावशीची दाढ ३६; तिचा उच्चार "तीन-सहा" असा करतात, छत्तीस असा नाही, कारण तोंडात छत्तीस दात नसतातच. दुधाच्या दातांसाठी याच चार बाजूंना ५ ते ८ हे आकडे आहेत. मात्र काही डॉक्टर जुन्या पद्धतीने एक कोन काढून त्यात नुसता ६ लिहितात, आणि अमेरिकी पद्धतीच्या सॉफ्टवेअरमध्ये हीच दाढ १९ क्रमांकाची होते. एकाच दाढेची तीन नावे. शिवाय कागदावरचा दातांचा तक्ता डॉक्टर समोरून पाहत आहेत अशा रीतीने काढलेला असतो, त्यामुळे आपली उजवी बाजू कागदावर डावीकडे येते. नोंद वाचताना एवढे लक्षात ठेवले की निम्मे गोंधळ टळतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी कायमची पहिली दाढ दुधाची समजून "पडेलच ती" म्हणून किडू देणारे पालक पुष्कळ आहेत. मुलाच्या नोंदीत ३६ आहे की ७५, हे पाहिले तर तेवढ्यावरूनही ती दाढ कायमची आहे की दुधाची, हे कळते.

मोबाइलवर या नोंदी येण्याचे सध्या दोन मार्ग आहेत. पहिला साधा: दवाखान्याचे सॉफ्टवेअर तुम्हाला ॲपवर, लिंकने किंवा व्हॉट्सॲपवर एक्स-रे आणि उपचाराचा तपशील पाठवते. दुसरा मार्ग म्हणजे आयुष्मान भारत डिजिटल मिशन, जे २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. यात प्रत्येकाला १४ अंकी आभा क्रमांक मिळतो. आभा म्हणजे पाच लाखांच्या उपचाराचे आयुष्मान कार्ड नव्हे. या दोहोंत लोकांची इतकी गल्लत होते की ते ठळकपणे सांगावे लागते. आयुष्मान कार्ड उपचाराच्या खर्चासाठी आहे. आभा क्रमांकाने एक रुपयाही मिळत नाही, तो फक्त तुमच्या आरोग्याच्या नोंदी तुमच्या नावाशी जोडण्यासाठी आहे आणि तो काढणे ऐच्छिक आहे.

आपल्याकडे समजायला सोपे म्हणून सातबाऱ्याचे उदाहरण घेऊ. पूर्वी सातबाऱ्यासाठी तलाठ्याला गाठावे लागे, आता डिजिटल सहीचा उतारा मोबाइलवर निघतो. आभाच्या रचनेत मात्र एक महत्त्वाचा फरक आहे. सातबारा सरकारी दप्तरात असतो. तुमच्या दाढेची नोंद सरकारच्या एका मोठ्या कपाटात जात नाही, ती जिथे उपचार झाला त्या दवाखान्याकडेच राहते. समजा उपचार परभणीला झाला आणि आता तुम्ही कोल्हापुरात आहात. तिथले डॉक्टर त्यांच्या संगणकावरून तुमच्या आभा पत्त्यावर, म्हणजे आभा क्रमांकाशी जोडलेल्या तुमच्या वापरनावावर, विनंती पाठवतात. तुमच्या मोबाइलवर ती दिसते: कोण मागत आहे, कशासाठी मागत आहे, कोणत्या प्रकारच्या नोंदी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतच्या, आणि ही परवानगी कधी संपेल. यातले तुम्हाला नको ते कमी करता येते, मुदत आखडता येते, किंवा सरळ नकार देता येतो. तुम्ही मंजुरी दिली की परभणीच्या दवाखान्यातून नोंद कुलूपबंद स्वरूपात कोल्हापूरला जाते. मधल्या यंत्रणेला ती वाचता येत नाही. दिलेली परवानगी नंतर मागेही घेता येते. थोडक्यात मधला माणूस पाकीट पोचवतो, फोडत नाही.

हे सगळे तेव्हाच चालते, जेव्हा परभणीचा दवाखाना या यंत्रणेत नोंदलेला असतो आणि तिथे काम संगणकावर लिहिले जाते. एक खुर्ची, एक मदतनीस आणि फुलस्केप वही, असा दवाखाना असेल तर आभा क्रमांक असूनही पाठवायला काहीच नसते. शिवाय या मिशनने सुरुवातीला नोंदींचे जे सात प्रकार ठरवले, त्यांत बाह्यरुग्ण तपासणी, औषधांची चिठ्ठी, तपासणी अहवाल, डिस्चार्ज कार्ड, लसीकरण वगैरे आहेत. दातांचा तक्ता असा वेगळा प्रकार त्यांत नाही. त्यामुळे दातांची नोंद बहुधा पीडीएफ होऊन येते. माणसाला ती वाचता येते, पण एका दवाखान्याच्या सॉफ्टवेअरमधला तक्ता दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जसाच्या तसा उमटावा, ही गोष्ट अजून लांबची आहे. दंतवैद्यांकडून या यंत्रणेबद्दल जो निरुत्साह दिसतो, त्याचे एक कारण मला हेच वाटते, आणि ते अगदीच गैर नाही.

तरीही ज्या भागातली माणसे कामासाठी हलत राहतात, त्या भागाला या सोयीची गरज जास्त आहे. बीड जिल्ह्यातली ऊसतोड कामगार कुटुंबे दसऱ्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. रूट कॅनलला अनेकदा दोन-तीन खेपा लागतात. पहिल्या खेपेला नलिका साफ करून औषध ठेवतात आणि वर तात्पुरते सिमेंट भरतात, जे काही आठवड्यांसाठीच असते. ठणका थांबला की माणूस म्हणतो, "थांबलं की आता, जाऊन येतो," आणि ऊसतोडीची गाडी धरतो. चार महिन्यांनी कारखान्याच्या तळावर दाढ फुगते, तेव्हा तिथल्या डॉक्टरला समोर दिसते ते एक अर्धवट सिमेंट. आत काम अर्धे आहे की पूर्ण, कोणत्या नलिकेत काय ठेवले आहे, काही कळायला मार्ग नसतो, आणि वेळही नसतो, म्हणून दाढ काढून टाकली जाते. त्या माणसाच्या मोबाइलमध्ये "३६, पहिली खेप, तीन नलिका, तात्पुरते सिमेंट, पूर्ण करणे बाकी" एवढ्या शब्दांचा एक संदेश असता, तरी दाढ वाचण्याची संधी राहिली असती. त्यासाठी ना आभा लागते, ना ॲप.

म्हणून माझा सल्ला असा की यंत्रणेची वाट पाहू नये. उपचार संपल्यावर, खुर्चीतून उठण्याआधी, डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे: कोणत्या क्रमांकाच्या दाताला काय केले, काय भरले, कॅप कशाची आहे, पुढे काय बाकी आहे. सिरॅमिकच्या किंवा झिरकोनियाच्या कॅपसोबत वॉरंटी कार्ड मिळाले तर त्याचा लगेच फोटो काढावा, कारण ते पाकिटात ठेवले की घडीवर झिजते. दवाखान्यात डिजिटल सेन्सरने काढलेला एक्स-रे असेल, तर तो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे. फोटो म्हणून पाठवल्यास तो दाबून लहान केला जातो आणि मुळाच्या टोकाचा बारीक तपशील नेमका त्यात हरवतो. संपूर्ण जबड्याचा मोठा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, असेल तर मूळ फाइलच मागावी. जुन्या फिल्म घरी असतील तर त्या दिवसा खिडकीच्या काचेला पांढरा कागद लावून त्यावर धराव्यात आणि फ्लॅश बंद ठेवून जवळून फोटो घ्यावा.

दाताच्या नोंदीसोबत शरीराची माहितीही एका ओळीत असावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का, हृदयाची झडप बदललेली आहे का, आणि विशेषतः हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून किंवा हाडांत पसरलेल्या कर्करोगासाठी काही औषध घेतले आहे का. त्यांतल्या काही औषधांनंतर दात काढला तर कधी कधी जबड्याचे हाड भरून येत नाही, आणि ही गोष्ट रुग्णाला दाताशी संबंधित वाटतच नसल्याने तो ती सांगत नाही.

कृत्रिम मूळ, म्हणजे इम्प्लांट, बसवलेल्यांनी तर नोंदीबाबत आग्रहीच असावे. जबड्यात बसवलेल्या त्या स्क्रूची कंपनी, मॉडेल, जाडी, लांबी आणि बॅच क्रमांक त्याच्या डबीवरच्या स्टिकरवर छापलेला असतो. प्रत्येक कंपनीचा जोड वेगळा आणि तो उघडायचा स्क्रू-ड्रायव्हरही बहुधा वेगळा. माझ्या ओळखीच्या, लातूरहून निवृत्त झालेल्या एका शिक्षकांच्या इम्प्लांटवरची कॅप सैल झाली, तेव्हा मूळ दवाखाना बंद झालेला होता आणि कंपनी कोणती ते कोणालाच माहीत नव्हते. पाच मिनिटांत आवळता आला असता असा स्क्रू ओळखायला तीन डॉक्टर आणि दीड महिना लागला. त्या स्टिकरचा एक फोटो पुरला असता.

नोंद मागणे हा उपकार मागणे नव्हे. दंत परिषदेच्या २०१४च्या आचारसंहितेनुसार दंतवैद्याने रुग्णाच्या नोंदी किमान तीन वर्षे जपायच्या असतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३मध्येही आपल्या माहितीचा गोषवारा मागण्याचा आणि चूक दुरुस्त करून घेण्याचा अधिकार आहे; त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. तीन वर्षे हा आकडा मात्र नीट पाहावा. कॅप त्याहून अधिक टिकते, म्हणजे दाढ जेव्हा पुन्हा दुखेल तेव्हा दवाखान्याने कागद टाकून दिलेला असण्याची पूर्ण शक्यता आहे, आणि त्यात त्याची चूकही नसेल.

एक अडचण घरातली आहे आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. गावाकडे अनेक बायकांचा आभा क्रमांक नवऱ्याच्या किंवा मुलाच्या मोबाइल नंबरवर निघालेला असतो. ओटीपी त्याच्याकडे जातो, परवानगीची सूचनाही त्याच्याकडेच जाते. मिसरीची सवय, गरोदरपण, एखादा आजार, असे जे डॉक्टरला विश्वासाने सांगितले ते मग घरात कोणालाही उघडून पाहता येते; कॉलेजातल्या मुलाची गुटख्याची नोंद बापाच्या मोबाइलवर उघडली तर तो पुढच्या वेळी डॉक्टरला खरे सांगणार नाही. शक्य असेल तिथे प्रत्येकाचा नंबर स्वतःचा असावा, आणि नसेल तर निदान नंबर कोणाचा दिला आहे हे त्या व्यक्तीला माहीत असावे. ओटीपी मात्र दवाखान्यात समोर बसलेल्या माणसालाही, तो कशासाठी आहे हे विचारल्याशिवाय देऊ नये.

मावशीची दाढ डॉक्टरांनी उघडली नाही. कॅपभोवतीची हिरडी सुजलेली होती, ती साफ करून त्यांनी सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढू असे सांगितले आणि आजचा एक्स-रे मुलाच्या मोबाइलवर डॉक्युमेंट म्हणून पाठवला. मावशीने तिच्या छोट्या मोबाइलवर तो येतो का, असे विचारले. येत नाही, हे कळल्यावर तिने त्याच्या छापील प्रतीवर मागच्या बाजूने तारीख, "३६" आणि डॉक्टरांचे नाव नातीकडून लिहून घेतले. त्या रात्री आम्ही पिशवीतल्या तिन्ही फिल्म खिडकीऐवजी लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यावर धरून पाहिल्या. तिसऱ्या फिल्मवर दाढ स्वच्छ दिसत होती, पण ती वरची होती.